देवबागेतला निवास आणि काकींचे रांधप

शनिवार-रविवार समुद्रकाठी काढायचा ठरला की मुंबई-पुण्याकडची मंडळी अलिबाग, दिवेआगर, फार तर दापोली-गुहागर येथपर्यंत मजल मारतात. मालवण हे दोन दिवसांत उरकण्यासारखे गाव नव्हे, असा सार्वत्रिक समज आहे. तो अगदीच निराधार आहे असे म्हणवत नाही, कारण मुंबईपासून मालवण पाचशे किलोमीटरच्या घरात आहे आणि महामार्गावरच्या प्रवासाचा हिशेब घड्याळापेक्षा नशिबावर अधिक अवलंबून असतो. तरीही शुक्रवारी रात्री कोकणकन्या एक्स्प्रेसने निघाले तर शनिवारी सकाळी कुडाळला उतरता येते, तेथून एसटीने किंवा रिक्षाने तासाभरात मालवण गाठता येते आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत फिरता येते. आमच्या कॉलेजच्या कंपूतील मुंबईकरांनी हाच मार्ग धरला. पुण्याचे दोघे कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर करत फोंडाघाटातून कणकवलीला उतरले आणि आमच्या आधीच अंगणातल्या बाकावर चहा पीत बसलेले आढळले.

मुक्काम मालवणच्या दक्षिणेला, तारकर्लीच्याही पुढे, देवबागेत होता. देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये सापडलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. रस्ता जसजसा संगमाकडे जातो, तसतशी ही पट्टी इतकी अरुंद होत जाते की काही ठिकाणी घराच्या पुढच्या दारी समुद्राची गाज आणि मागच्या दारी खाडीचे संथ पाणी असते. आम्ही उतरलो ते घर खाडीच्या अंगाला आहे. फाटकावरच्या पाटीवर 'निवास व न्याहारी, घरगुती जेवण मिळेल' यापलीकडे काहीही लिहिलेले नाही आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगतानाही घरमालकाच्या आडनावानेच सांगावा लागतो. पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेमुळे या किनाऱ्यावर अशी बरीच घरे उभी राहिली. घरचे लोक पुढच्या भागात राहतात आणि मागच्या दोन-चार खोल्या पाहुण्यांना देतात, अशी त्यांची साधारण रचना असते.

खोल्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. भिंतींना चुना, खाली फरशी, स्वच्छ धुतलेल्या चादरी, पंखा आणि एक जुनाट वातानुकूलन यंत्र, जे फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू करण्याची गरजच पडली नाही. न्हाणीघर स्वच्छ होते, पण नळाचे पाणी किंचित मचूळ आहे आणि गरम पाण्याचा बंब दोघांच्या आंघोळीनंतर दम टाकतो. पिण्याचे पाणी वेगळे मिळते. मोबाइलला समुद्राच्या बाजूच्या माडाखाली उभे राहिल्यावरच नीट संपर्क मिळत असे, ही आमच्यातल्या एकाची कायमची तक्रार होती आणि बाकीच्यांची सोय. दोघांच्या खोलीचे दर रात्रीचे 2,000 रुपये झाले. नाताळात आणि मे महिन्यात हाच दर बराच चढतो, असे आम्हाला आधीच स्पष्ट सांगण्यात आले होते. तेवढ्या पैशात याहून चकचकीत खोल्या तारकर्लीच्या मुख्य रस्त्यावर निश्चित मिळतील. या घरी जावे ते खोलीसाठी नव्हे.

जावे ते जेवणासाठी, आणि त्यातही हे जेवण ज्या पद्धतीने मिळते त्यासाठी. या घरात मेनूकार्ड नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा आमच्यातल्या सुरमईच्या भक्ताने पिशवी खाली ठेवण्याआधीच दुपारी सुरमई मिळेल का, असे विचारले. काकींनी (घराच्या मालकीणबाईंना सगळा गाव काकीच म्हणतो) त्याच्याकडे पाहून शांतपणे सांगितले, "आज इसवण नाय. बांगडे बरे गावलेत, ते खावा." सुरमईला मालवणीत इसवण म्हणतात. ती नसली तरी मालवणच्या बाजारातून बर्फातली आणून तळून वाढणे त्यांना सहज शक्य होते. पाहुण्याला ते कळलेही नसते, आणि दरही चढा लावता आला असता. त्यांनी तसे केले नाही, आणि या घराबद्दलचे माझे मत निम्मेअधिक तेथेच बनले.

पद्धत अशी आहे की सकाळी नऊ-दहाच्या सुमारास घरातले कोणीतरी किनाऱ्यावर किंवा बंदरावर जाऊन मासळी आणते आणि मगच दुपारचे जेवण ठरते. रात्रीचा बेत संध्याकाळी मालवणच्या बंदरावर होड्या लागल्यावर आणि वाळूतच लिलाव पुकारला गेल्यावर ठरतो. पाहुण्याने सांगायचे ते एवढेच की किती जण जेवणार, तिखट किती चालते आणि कोणाला काय वर्ज्य आहे. गावठी कोंबडी हवी असेल तर मात्र आदल्या दिवशी सांगावे लागते. ज्यांना छापील यादी पुढ्यात घेऊन बोट ठेवायची सवय आहे त्यांना ही व्यवस्था जाचक वाटेल, परंतु ताज्या मासळीचा व्यवहार प्रामाणिकपणे करायचा तर तो दुसऱ्या कोणत्या रीतीने करता येईल हे मला तरी सुचत नाही.

दुपारी पानात आले ते बांगड्याचे तिखले, तळलेला बांगडा, तिसऱ्यांचे (खाडीतल्या शिंपल्यांचे) सुके, उकड्या तांदळाचा भात, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. यातल्या तिखल्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मालवणी जेवणाच्या नावाखाली शहरांत जे काही मिळते त्यात हा पदार्थ बहुधा नसतो किंवा असला तर ओळखू येत नाही. तिखल्याला खोबऱ्याचे भरपूर वाटप लागत नाही. लाल मिरची, हळद, थोडे धणे, आंबटपणासाठी सोले (आमसुले) आणि मुख्य म्हणजे तिरफळे, एवढ्यावर ते उभे असते. मी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर उभा राहून पाहिले: काकींनी वाळलेल्या तिरफळांतल्या काळ्या बिया काढून टाकल्या, टरफले पाण्यात भिजत घातली, मग वरवंट्याच्या टोकाने हलकेच चेचून त्या पाण्यासकट तिखल्यात सोडली. वाटून घेतली नाहीत. वाटली की कडू होतात, असे त्यांचे म्हणणे. तिरफळ पानात आले तर बाजूला काढून ठेवायचे असते, चावायचे नसते. ज्याला हे ठाऊक नव्हते त्याची जीभ पुढची दहा मिनिटे बधिर होती आणि तो सोलकढीची वाटी हातातून खाली ठेवायला तयार नव्हता. बांगडा, तारली, पेडवे अशा तेलकट माशांनाच तिरफळ शोभते. त्या माशांचा उग्रपणा ते मारत नाही, त्याला वळण लावते. बांगड्याला गरिबाचा मासा म्हणून नाक मुरडणाऱ्या आमच्या सुरमईभक्ताने भात तीनदा मागून घेतला, ही नोंद येथे करणे मला आवश्यक वाटते.

तिसऱ्या खाडीतल्या होत्या. त्या अडाळ्यावर म्हणजे विळीवर एकेक करून फोडल्या जातात आणि मांस ज्या शिंपल्याला चिकटलेले असते तो शिंपला ठेवून दुसरा टाकून देतात. म्हणजे पानात प्रत्येक तिसरी आपल्या अर्ध्या घरासकट येते. हे काम किचकट असते आणि हॉटेलांना ते परवडत नाही, म्हणून तेथे बहुतेक वेळा उकडून उघडलेल्या तिसऱ्या मिळतात, ज्यांचे पाणी आधीच निघून गेलेले असते. येथे ते पाणी भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपात मुरले होते. वाळूचा एकही कण दाताखाली आला नाही, आणि तिसऱ्यांच्या बाबतीत यापेक्षा मोठी पावती देता येत नाही.

सोलकढी पाहून माझ्या सोबत्यांपैकी एकीला ती पातळ आणि फिकी वाटली. शहरात आणि हल्ली मालवणच्या मुख्य रस्त्यावरही जी भडक गुलाबी सोलकढी मिळते तिची आपल्या डोळ्यांना सवय झालेली असते. सोले भिजवून काढलेला रस नारळाच्या पहिल्या दुधात मिसळला की येणारा रंग फिकट, किंचित जांभळट गुलाबी असतो. त्यात वाटलेली लसूण आणि हिरवी मिरची, मीठ, वरून कोथिंबीर. साखर नाही. ही सोलकढी उभी राहिली की थोड्या वेळाने दूध आणि पाणी वेगळे होऊ लागतात, त्यामुळे ती ढवळून प्यावी लागते. तासन्‌तास एकजीव राहणाऱ्या कढीबद्दल उलट शंका घ्यावी.

आमच्यात एक जण पूर्ण शाकाहारी होता आणि अशा सहलीत त्याच्या वाट्याला बहुधा डाळ-भात आणि सहानुभूती येते. येथे त्याला काळ्या वाटाण्याची उसळ, ओल्या काजूंची उसळ आणि वडे मिळाले. ओले काजू हे फेब्रुवारी-मार्चचे वैभव आहे: झाडावरच्या कोवळ्या बिया फोडून, चिकाने हात भाजून घेत गर काढावा लागतो, आणि त्याची खोबऱ्याच्या वाटपातली भाजी सुक्या काजूंच्या कोणत्याही पदार्थासारखी लागत नाही. मासे खाणाऱ्या आम्हा बाकीच्यांनी त्याच्या वाटीत चमचे घातल्यामुळे तो शेवटी पान उचलून दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. शाकाहाऱ्याला या घरी तडजोड करावी लागत नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो. काकींकडे सोमवारी मासळी शिजतच नाही, त्यामुळे शिवराक म्हणजेच शाकाहारी रांधपाचा हातही तितकाच तयार आहे.

कोंबडी-वड्यांचा बेत शनिवारी रात्री झाला. मालवणी वडे म्हणजे पुऱ्या नव्हेत, आणि बटाटेवड्याशी तर त्यांचे नावापलीकडे काही नाते नाही. तांदूळ, उडीद, हरभऱ्याची डाळ, धणे, मेथी यांचे जाडसर दळलेले पीठ गरम पाण्यात मळून काही तास ठेवतात, मग ओल्या हाताने पानावर थापून तेलात सोडतात. वडा टम्म फुगतो, त्याची बाहेरची बाजू खरपूस आणि आतली मऊ राहते, आणि मेथीचा अगदी पुसट कडवटपणा रश्शाबरोबर जुळतो. रस्सा उत्तम होता. कोंबडी मात्र काहीशी चिवट लागली. गावठी कोंबडी अशीच असते हे मान्य करूनही ती आणखी अर्धा तास चुलीवर राहायला हवी होती, असे माझे मत आहे. आम्ही बंदरावरून उशिरा परतलो आणि जेवणाची घाई केली, हेही त्यामागचे कारण असू शकेल. चार वडे, रस्सा, कांदा आणि सोलकढी यांचे ताट 350 रुपयांना पडले. दुपारचे बांगड्याचे ताट त्याहून स्वस्त होते आणि, मला विचाराल तर, सरसही होते.

तुलनेसाठी सांगतो. रविवारी दुपारी सिंधुदुर्ग किल्ला पाहून परत येताना भुकेने आमचा धीर सुटला आणि आम्ही मालवणात एका गर्दीच्या हॉटेलात शिरलो. नाव लिहिण्याचे कारण नाही, कारण तशी बरीच आहेत. तेथे सुरमई, पापलेट, कोळंबी, खेकडे, जे मागाल ते सगळे 'आहे' होते. सुरमईचा तुकडा मोठा होता, रव्याचे कवच त्याहून मोठे, आणि आत बर्फात दिवस काढलेल्या माशाचा तो भुसभुशीत पोत. सुरमईची, पापलेटची आणि कोंबडीची आमटी एकाच पातेल्यातून आली असावी, इतक्या त्या तिन्ही चवीला सारख्या होत्या. माणशी बिल काकींच्या दीडपट झाले. पर्यटकाला बारा महिने तेरा काळ सुरमईच हवी असते आणि हॉटेलवाला ती पुरवतो, तेव्हा एकट्या हॉटेलवाल्याला दोष देऊन भागत नाही. किनाऱ्यावर त्या दिवशी काय लागले याची चौकशी न करता ठरावीक चार नावांचा हट्ट धरणारे गिऱ्हाईकही या व्यवहारात भागीदार असते.

ते काय लागले हे पाहायचे असेल तर देवबाग-तारकर्लीच्या वाळूवर सकाळी चालत जावे. आम्हाला रापण पाहायला मिळाली. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळात जाळे टाकतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून दोन रांगांत उभी असलेली माणसे दोराने ओढत, हळूहळू एकमेकांजवळ सरकत येतात. एकेका रापणीला कित्येक माणसे लागतात आणि मिळालेल्या मासळीचे ठरलेल्या रीतीने वाटे होतात. आमच्यातल्या दोघांनी उत्साहाने दोराला हात लावला, त्याची मजुरी म्हणून हसत हसत त्यांच्या हाती पिशवीभर पेडवे ठेवण्यात आले, आणि तेच पेडवे काकींनी दहाच्या न्याहारीला मीठ-मसाला लावून केळीच्या पानात भाजून दिले. त्या दिवशीचे जाळे तसे हलकेच आले होते. यांत्रिक बोटींच्या पर्ससीन जाळ्यांनी, म्हणजे मासळीचा अख्खा थवा घेरून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्यांनी, किनाऱ्याजवळची मासळी आधीच उचलली जाते, हे रापणकरांचे जुने गाऱ्हाणे आहे. राज्य सरकारने 2016 साली पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी ते गाऱ्हाणे मिटलेले नाही, एवढे वाळूवरच्या दहा मिनिटांच्या गप्पांतूनही कळते.

न्याहारीचा विषय निघालाच आहे तर घावणे आणि आंबोळ्या दोन्ही चांगल्या होत्या, परंतु मागणी करावी ती शिरवाळ्यांची: तांदळाच्या उकडीच्या गरम शेवया आणि सोबत गूळ-वेलदोडा घातलेला नारळाचा रस. शेवगा म्हणजे शेवया पाडायचा साचा दाबण्याचे काम जड असल्याने तेथे पाहुण्यांनाही हात लावावा लागतो. चहा मात्र अतिशय गोड असतो आणि साखर कमी घालण्याची विनंती प्रत्येक वेळी नव्याने करावी लागते.

देवबागेतल्या इतर आकर्षणांविषयी थोडक्यात. संगमाजवळ खाडीच्या पात्रात वाळूचा एक उंचवटा आहे, त्याला सुनामी आयलंड म्हणतात, आणि तेथे जलक्रीडांचा बाजार भरलेला असतो. मोटारबोटींचा आवाज खाडीकाठच्या खोल्यांत सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत ऐकू येतो. दुपारची वामकुक्षी ज्यांना प्रिय आहे त्यांनी खोली समुद्राच्या अंगाची मागून घ्यावी. स्कूबाच्या नावाखाली जे काही मिनिटांचे दर्शन घडवले जाते ते हौसेपुरते ठीक. खरे शिकायचे असेल तर तारकर्लीला पर्यटन महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र आहे. सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी मात्र अर्धा दिवस राखून ठेवावा. शिवाजी महाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर याचे बांधकाम सुरू केले आणि ते 1667 मध्ये पुरे झाले. चहूकडे खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि राजाराम महाराजांनी उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. होड्या मालवणच्या जेटीवरून सुटतात. होडीवाला परतीची जी वेळ सांगतो ती तटावर फेरी मारायला अपुरी असते, म्हणून चढण्याआधीच अधिक वेळेचे बोलून घ्यावे. सकाळी लवकर गेल्यास गर्दीही कमी असते आणि दुपारच्या जेवणाला देवबागेत परतता येते, म्हणजे आमच्यासारखे भलत्या हॉटेलात शिरावे लागत नाही.

तक्रारी दोन-तीनच आहेत. हिशेब वहीत लिहिला जातो आणि शेवटी एकरकमी सांगितला जातो. रक्कम चोख होती, पण खोली, जेवण, न्याहारी असे वेगळे आकडे मागितल्याशिवाय मिळत नाहीत. संपर्क मिळत नसल्याने मोबाइलवरून पैसे देताना अडचण येते, तेव्हा रोख रक्कम जवळ बाळगावी. लहान मुले बरोबर असतील तर तिखटाबद्दल एकदा नव्हे, दोनदा सांगावे, कारण काकींचे 'कमी तिखट' हे आपल्याकडच्या मध्यमाच्या पुढचे असते. रात्री साडेनऊनंतर स्वयंपाकघर बंद होते. 'जेवूक येवा' ही हाक आली की हातातले पत्ते टाकून उठावे. दुसरी हाक येते, तिसरी येत नाही.

आरक्षण फोनवरच होते आणि आगाऊ रक्कम फारच थोडी घेतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ मासळीसाठी आणि हवेसाठीही सर्वांत चांगला. एप्रिल-मे मध्ये आंबे-फणस मिळतात, पण उकाडाही तितकाच असतो आणि खोल्या मिळणे अवघड होते. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते आणि पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्याही थांबतात. घर मात्र तेव्हाही उघडे असते, दर निम्म्यावर येतात, आणि पानात ताज्या मासळीच्या जागी सुक्या बांगड्याचे किसमूर, गोलम्याची (सुक्या जवळ्याची) चटणी, कुळथाची पिठी आणि पेज असते. त्या जेवणासाठी पुन्हा येण्याचे आमच्यातल्या तिघांनी, त्यात शाकाहारी धरला नाही, निघण्याआधीच काकींना सांगून ठेवले आहे.